गार बोटांसाठी लाल दिवा: एका घड्याळजीची वही

मनगटी घड्याळातले काही स्क्रू मुंगीच्या डोक्याएवढे असतात. असा स्क्रू चिमट्यात धरायला ताकद लागत नाही, जाणीव लागते. आपण किती दाबतोय ते बोटाला कळलं पाहिजे. थंडीच्या दिवसांत सकाळी कामाला बसलो की माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं खडूसारखी पांढरी पडायची आणि नेमकी ती जाणीवच निघून जायची. स्क्रू टणकन उडायचा. मग मी गुडघ्यांवर बसून, टॉर्च फरशीला आडवी धरून त्याला शोधत फिरायचो. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून हे चाललंय, आता मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. पायांचंही तेच. रात्री अंथरुणात शिरल्यावर तासभर तळवे दुसऱ्याच कुणाचे असावेत असे गार.

दोन वर्षांपूर्वी मुलीने लाल दिव्यांचं एक पॅनल आणून टेबलावर ठेवलं. "बाबा, रोज थोडा वेळ यासमोर हात धरा," एवढीच सूचना. आता ज्याचा जन्म सेकंद मोजण्यात गेला त्याला 'थोडा वेळ' म्हटलेलं चालत नाही. थोडा म्हणजे किती? हात किती लांब धरायचा? आणि फरक पडला की नाही हे ठरवायचं कसं? या प्रश्नांसाठी मी एक वही घातली. पुढे जे लिहिलंय ते त्या वहीतून आलंय, माझ्या चुकांसकट.

पॅनलच्या आधी डॉक्टर

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण गाळू नका. हातपाय गार पडणं हे बऱ्याचदा निरुपद्रवी असतं, पण कधी कधी ते दुसऱ्याच कशाचं तरी लक्षण असतं. थायरॉइड मंदावलेलं असलं, रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं, पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या असल्या, तर लाल दिव्यासमोर बसून मूळ दुखणं लपतं, बरं होत नाही. काही औषधांनीही बोटं गार पडतात. रक्तदाबासाठी दिले जाणारे बीटा ब्लॉकर, बंद नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या, मायग्रेनवरची अर्गोटामीन ही त्यातली ठळक नावं. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. सिगारेट आणि तंबाखूबद्दल मात्र विचारायचीही गरज नाही. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, आणि एका हातात सिगारेट धरून दुसऱ्या हाताला दिवा दाखवणं म्हणजे एका बाजूने किल्ली देत दुसऱ्या बाजूने कमान सोडण्यातला प्रकार.

बोटं आधी पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लालभडक होत असतील तर त्याला रेनॉ म्हणतात. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. त्याचे दोन प्रकार आहेत. प्राथमिक प्रकारात रक्तवाहिन्या फक्त जरा जास्तच भित्र्या असतात, बाकी सगळं ठीक असतं, आणि तो बहुधा तरुणपणीच सुरू होतो. दुय्यम प्रकारामागे स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपससारखा आजार असू शकतो. चाळिशीनंतर अचानक सुरू झालेला त्रास, एकाच हाताला होणारा त्रास, बोटांच्या टोकांवर न भरणाऱ्या जखमा, ताठ होत चाललेली कातडी, चालताना पोटरी दुखून थांबावं लागणं, यातलं काहीही असेल तर पॅनलचा डबाही उघडू नका, आधी तपासून घ्या.

माझ्या तपासणीत एक गंमत झाली. डॉक्टरांनी माझ्या नखाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब ठेवला आणि भिंगातून पाहायला लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, हे तर माझ्या धंद्यातलं हत्यार." त्यांनी हसून मलाही पाहू दिलं. नखाच्या कडेला केसाच्या पिनेसारख्या वळलेल्या बारीक रक्तवाहिन्या ओळीने उभ्या होत्या. त्या अशा सारख्या आणि शिस्तीत असल्या तर चांगलं, फुगलेल्या किंवा मध्येच गायब असल्या तर दुय्यम आजाराची शंका घ्यायची. माझ्या शिस्तीत निघाल्या. रक्तही ठीक. छत्तीस वर्षं जे आपण हातात घेऊन फिरतोय ते आत कसं दिसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बोटं गार का पडतात

हे समजलं की पुढच्या निम्म्या सूचना आपोआप समजतात. बोटांत स्वतःची उष्णता तयार करणारे मोठे स्नायू नसतात. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात, बोटांत त्यांच्या दोऱ्या येतात. म्हणजे बोटांची ऊब ही सगळी रक्तातून आलेली, उसनी. ती किती सोडायची हे ठरवणाऱ्या खास झडपा तळहात, तळपाय आणि बोटांच्या टोकांत असतात. धमनीतलं रक्त सरळ शिरेत नेणारे हे आडरस्ते उघडले की हात गरम, मिटले की गार. आणि त्या उघडायच्या की मिटायच्या हे बोट ठरवत नाही. धड गार पडतंय असं मेंदूला वाटलं की तो सगळ्यात आधी या झडपा बंद करतो. हृदय, यकृत सांभाळायचं असतं त्याला, माझा स्क्रू नव्हे.

म्हणून हातमोज्यांच्या आधी बंडी. कॅनडात झालेल्या प्रयोगांत छाती-पाठीला ऊब देणारं जॅकेट घातल्यावर शून्याखालच्या थंडीतही लोकांची बोटं उबदार राहिल्याचं दिसलं. हे वाचलं तेव्हा मी पॅनल वापरायला सुरुवात केली होती, आणि वाचून माझा जरा पोपटच झाला. त्याचं कारण पुढे येईलच.

प्रकाशाचा यात काय संबंध? १९६७ मध्ये बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांवर रूबी लेझरचा प्रयोग करत होते. लेझरने गाठींवर काही परिणाम होतो का हे त्यांना पाहायचं होतं. तो झाला नाही, पण जिथे लाल प्रकाश पडला तिथे भादरलेले केस लवकर उगवले. मंद लाल प्रकाशाने पेशी जाग्या होतात ही कल्पना तिथून निघाली. आज जे स्पष्टीकरण सगळ्यात जास्त दिलं जातं ते असं: पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या वीजघरातलं, एक एन्झाइम लाल आणि जवळचा अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा) प्रकाश शोषतं, पेशीला ऊर्जा करणं सोपं जातं, आणि तिथे अडकलेला नायट्रिक ऑक्साइड मोकळा होतो. हा नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना सैल सोडायला सांगणारा निरोप्या आहे. त्याचं हे काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

आता दुसरी बाजू. प्राथमिक रेनॉ असलेल्या माणसांवर मंद लेझरच्या छोट्या चाचण्या झाल्या आणि त्यांत थोडा फायदा दिसला. पण त्या छोट्या होत्या, आणि लेझर म्हणजे तुमच्या टेबलावरचं एलईडी पॅनल नव्हे. मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायांवर अवरक्त प्रकाशाचे पॅड लावून, खोट्या पॅडशी तुलना करत काटेकोर चाचणी झाली, तेव्हा संवेदना परत येण्यात काहीच फरक दिसला नव्हता. तेव्हा हे औषध आहे असं कुणी सांगितलं तर माझ्यावर ढकलू नका. माझ्या हिशेबी ही एक मदत आहे, छोटीशी, आणि मोजून घेतली तरच कळणारी.

पॅनल ओळखा

लाल दिसलं की चालतं, असं नाही. लाल रंग फासलेला साधा बल्ब हा फक्त लाल दिसतो. आणि तो मोठा लाल बल्ब, जो शेकायला वापरतात, तो मुख्यतः उष्णता देतो. शेकल्याने बोटं गरम होतात हे खरंच, पण त्याला शेकणंच म्हणा. रोज खूप वेळ शेकत राहिलं तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डागही पडतात. आपल्याला हवेत ते दोन पट्ट्यांतले एलईडी: ६३० ते ६७० नॅनोमीटरचा लाल आणि ८१० ते ८५० नॅनोमीटरचा जवळचा अवरक्त. (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या लहरीची लांबी मोजायचं माप.) बहुतेक पॅनलवर ६६० आणि ८५० ही जोडी लिहिलेली असते. लाल प्रकाश कातडीत काही मिलिमीटर जातो, अवरक्त त्याहून थोडा खोल. पाठीच्या किंवा मांडीच्या दुखण्यात हा खोलीचा मोठा प्रश्न होतो. बोटाचं तसं नाही. अंधारात टॉर्च मुठीत धरून पाहा. अख्खं बोट आतून लाल पेटल्यासारखं दिसतं, कारण बाकीचे रंग रक्त गिळून टाकतं आणि लालच तेवढा आरपार येतो.

इथे माझी पहिली फजिती. पॅनल पहिल्यांदा लावलं तेव्हा अर्धे दिवे लखलखत होते आणि अर्धे जवळजवळ मेलेले. नवीन वस्तू बिघडलेली आली म्हणून मी चडफडलो, आणि हाडाचा कारागीर असल्यामुळे परत पाठवायच्या ऐवजी स्क्रू काढून ते उघडलं. आत सगळं व्यवस्थित. तासाभराने लक्षात आलं की ते मेलेले दिवे ८५० चे होते. माणसाच्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे दिसणं संपत जातं, त्यामुळे ते फार तर अंधूक निखाऱ्यासारखे दिसतात. तुम्हाला शंका आली तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा, बऱ्याच फोनमध्ये ते जांभळट पांढरे दिसतात. आणि उघडू नका. बंद करताना माझा एक स्क्रू उरला. छत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

डोळ्यांना न दिसणारा प्रकाश हाच डोळ्यांना जास्त धोकादायक, कारण आपण पापणी मिटत नाही. सोबत आलेला चष्मा लावा, नजर दुसरीकडे ठेवा. माझ्यासारखं डोळ्याला भिंग लावून काम करणाऱ्यांनी तर भिंगासकट पॅनलकडे वळायचंच नाही.

हिशेब, म्हणजे खरी गोम

प्रकाशाचा डोस म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. तीव्रता मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये लिहितात, डोस ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. माझ्या पॅनलच्या माहितीपत्रकात १५ सेंटिमीटरवर १०० मिलिवॅट लिहिलंय. मी त्याचे ५० धरले. कारण अनेक विक्रेते सूर्यप्रकाश मोजायच्या मीटरने हा आकडा काढतात, आणि ते मीटर एलईडीच्या बाबतीत फुगवून सांगतं. ५० मिलिवॅट म्हणजे सेकंदाला ०.०५ ज्यूल. दोन मिनिटांचे १२० सेकंद, म्हणून ६ ज्यूल. बस. हाताच्या एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं. वरवरच्या भागासाठी ४ ते १० ज्यूलच्या दरम्यान राहावं असा माझा बेत, त्यात हे नीट बसतं. तुमच्या पॅनलवर ६० लिहिलं असेल तर ३० धरा. ६ ज्यूलला २०० सेकंद लागतील, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या आसपास. अंतर वाढवलं तर तीव्रता घटते, तेव्हा एकदा ठरवलेलं अंतर मोडू नका. मी टेबलावर पट्टी चिकटवून पेन्सिलने रेघ मारली आहे आणि मनगट त्या रेघेवर टेकवतो.

जास्त वेळ धरला तर जास्त फायदा, हे इथे खोटं आहे. या प्रकाशाचं वागणं असं की कमी डोसला परिणाम नाही, मधल्या डोसला चांगला, आणि त्यापुढे तो उतरायला लागतो, कधी उलटा होतो. अति तिथे माती. पहिले दहा दिवस मी हात पॅनलला जवळजवळ चिकटवून वीस वीस मिनिटं बसायचो, बातम्या ऐकत. बोटं छान गरम वाटायची, आणि उठल्यावर पंधरा मिनिटांत पुन्हा थंडगार. ती ऊब म्हणजे पॅनलच्या गरम पत्र्याची होती, माझ्या रक्ताची नव्हती. शिवाय हाताची पाठ कोरडी पडून खाजायला लागली ती वेगळीच.

माझी रोजची पद्धत

सकाळी कामाला बसायच्या आधी. पहिली दहा मिनिटं दिवा बंदच. बंडी घालतो, मानेभोवती मफलर, आणि घरातल्या घरात फेऱ्या मारतो किंवा जिना दोनदा चढतो-उतरतो. घाम येईपर्यंत नाही, कान गरम लागेपर्यंत. कानातही बोटांसारख्याच झडपा असतात. कान कोमट झाले म्हणजे मेंदूने तिजोरी थोडी उघडली असं समजायचं. पूर्वी हे न करता थेट दिव्यासमोर बसायचो, आणि ते दिवस वहीत वेगळे ओळखू येतात, इतके वाईट आहेत.

मग अंगठी आणि घड्याळ काढायचं. (घड्याळजीने घड्याळ काढून वेळ लावायची, हा विनोद घरात रोज होतो.) हाताला क्रीम लावलं असेल तर धुऊन पुसून टाकायचं, कारण मलमाचा थर प्रकाश अडवतो किंवा परतवतो. नेलपॉलिशचंही तसंच, म्हणजे नखाखालच्या भागाला काहीच मिळत नाही. गोंदण असेल तर जपून, गडद शाई प्रकाश जास्त शोषते आणि ती जागा तापू शकते.

तळवे पॅनलकडे, बोटं फाकवलेली, दोन मिनिटं. मग हात उलटा, दोन मिनिटं. अंगठा बहुतेकांचा बाजूला लपून राहतो, त्याला मुद्दाम पुढे आणायचं. या चार मिनिटांत मी खोल श्वास घेतो, सोडताना जरा लांबवतो. त्यात अध्यात्म नाही. झडपा मिटवणारी नसांची यंत्रणा ताणाने चवताळते, आणि सकाळी सातला ग्राहकाचा फोन घेतला की माझी बोटं पांढरी होतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

संपलं की लगेच बिनबोटांचे लोकरी हातमोजे. लगेच म्हणजे लगेच. आलेली ऊब कोंडून ठेवली नाही तर ती खोली गरम करण्यात जाते. आठवड्यातून पाच दिवस हे चालतं, शनिवार-रविवार सुट्टी. सहा आठवड्यांच्या आत मत बनवायचं नाही.

बोटं आधीच पांढरी पडलेली असतील, म्हणजे झटका सुरू असेल, तर त्या वेळी दिवा नको. मंद कोमट पाण्यात हात धरा, काखेत घाला, खांद्यापासून हात गोल फिरवा. पाणी कढत नको, कारण बधिर बोटाला चटका कळत नाही. झटका गेल्यावर वाटलं तर दिवा.

पाय

पायांना तोच हिशेब, फक्त बसण्याची कसरत वेगळी. पॅनल भिंतीला तिरकं टेकवून खुर्चीवर बसायचं आणि पाय टाचांवर ठेवायचे, म्हणजे तळवे पॅनलकडे होतात. पॅनलवर उभं राहू नका. तळव्याची कातडी जाड असते, घट्टे असले तर आणखीच, म्हणून मी पायांच्या बाबतीत वरच्या बाजूवर आणि बोटांच्या बेचक्यांवर जास्त भर देतो. तळव्याला दोन मिनिटं, वरच्या बाजूला तीन. नंतर कोरडे लोकरी मोजे, घट्ट नकोत. आवळणारा मोजा दोन जोड घातला तरी पाय गारच राहतो, कारण रक्तच पुढे जात नाही.

पायांची बोटं सुजून, लालसर-जांभळी होऊन खाजत असतील तर ते थंडीने आलेले चिलब्लेन असू शकतात. त्यांना पटकन तापवलं की ती खाज आणखी वाढते. आणि मधुमेहाने पायाची जाणीव गेली असेल तर हा घरगुती प्रयोग करूच नका. पॅनल तापतं, आणि चटका बसला तरी तुम्हाला कळणार नाही. फिट येत असतील तर लुकलुकणारे दिवे टाळा. गरोदरपण, कर्करोग, प्रकाशाने कातडीवर पुरळ उठवणारा आजार किंवा तशी औषधं, यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

फरक पडला का

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. इथे लागतो. आपल्याला 'आज बरं वाटतंय' असं हवामानामुळे वाटतं, झोपेमुळे वाटतं, मुलीने प्रेमाने आणून दिलंय म्हणूनही वाटतं. म्हणून मी मोजायला घेतलं, आणि मोजायचं काय तर हात किती गरम आहे हे नव्हे, गार झालेला हात परत यायला किती मिनिटं लागतात हे.

लांबून तापमान दाखवणारं अवरक्त थर्मामीटर घेतलं. ते वापरताना बोटाच्या अगदी जवळ धरायचं. लांब धरलं तर ते बोटाच्या मागच्या टेबलाचंच तापमान सांगतं, तो घोळ मी आठवडाभर घातला. दिवा बंद करून निदान दहा मिनिटं झाल्याशिवाय मोजायचं नाही, नाहीतर पॅनलची ऊब मोजली जाते. रीत अशी: त्याच खोलीत, त्याच वेळी, पंधरा मिनिटं शांत बसायचं. दोन्ही हात गार पाण्यात एक मिनिट बुडवायचे, पुसायचे, आणि मधल्या बोटाचं टोक २८ अंशांवर कधी येतं ते पाहायचं. बोटांवर जखमा असणाऱ्यांनी किंवा ज्यांचा झटका तासभर टिकतो त्यांनी हे पाण्याचं करू नये, त्यांनी सकाळी उठल्यावरचं तापमान रोज लिहिलं तरी पुरे. २८ हा आकडा माझा. तेवढी ऊब असली की चिमटा नीट धरता येतो, असं बघून ठरवलेला. कातडी १५ अंशांच्या आसपास उतरली की कुणाच्याही हाताचं कसब घसरतं.

दिवा मी फक्त उजव्या हाताला दिला. डावा काळ्या कापडाखाली. सुरुवातीला दोन्ही हातांना सरासरी २२ मिनिटं लागायची. आठ आठवड्यांनी उजवा १५ वर आला. मी इतका खूश झालो की मुलीला फोन केला. मग डाव्याचा रकाना पाहिला. तो १८ वर आलेला, कापडाखाली बसून, काहीही न करता.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग वहीची मागची पानं उलटल्यावर सापडलं: तिसऱ्या आठवड्यात, छाती उबदार ठेवण्याबद्दल वाचल्यावर, मी बंडी घालायला सुरुवात केली होती. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. घड्याळ पुढे पळतंय म्हणून कोणी एकदम तेलही बदलत नाही आणि कमानही. एक बदल, चोवीस तास वाट, मग पुढचं. स्वतःच्या हातावर मात्र मी शिकाऊ पोरासारखा वागलो.

म्हणून चार आठवडे दिवा बंद आणि बंडी चालू. उजवा १७ वर गेला, डावा १८ वरच. परत दिवा सुरू केला, पाच आठवड्यांत उजवा १५ आणि १६ च्या मध्ये. तर माझ्या हिशेबात सात मिनिटांतली चारेक मिनिटं बंडीची आणि फेऱ्यांची, दोन-तीन दिव्याची. एका माणसाची वही आहे ही, तिच्यावरून कुणी नियम काढू नये. पण मला ती दोन-तीन मिनिटं मोलाची आहेत, कारण सकाळचं पहिलं काम मी तेवढ्या लवकर हातात घेतो, आणि पांढरी पडण्याचे प्रसंग आठवड्याला चार-पाच होते ते आता एखाद-दुसरा.

तुम्ही करून पाहणार असाल तर माझी एकच विनंती, एक हात झाकून ठेवा. निदान पहिले सहा आठवडे. दोन्ही हात एकदम दिव्यासमोर धरलेत तर तुम्हाला कधीच कळणार नाही की ऊब कुणी दिली.

माझ्या धाकट्या बहिणीने माझं ऐकून पॅनल दोन महिन्यांसाठी नेलं. तिची बोटं पांढरी पडत नाहीत, फक्त सदा गार, आणि ती सदा थकलेली. सहा आठवडे इमाने-इतबारे वही लिहिली, दोन्ही रकाने तसेच्या तसे. मी म्हटलं, आता रक्त तपासून घे. ती म्हणाली, "दादा, तूच लिहिलं होतंस ना की आधी डॉक्टर." लिहिलं होतं, पण तिने वाचायला सुरुवात केली होती थेट हिशेबाच्या पानापासून. हिमोग्लोबिन बरंच खाली निघालं. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि पॅनल परत माझ्या टेबलावर आलंय, त्या एका उरलेल्या स्क्रूशेजारी.